दोन बोटं

माझी आत्तेबहीण खारबावला राहते. आठवीत आहे. ती चढाईला आली की समोरच्या मुली आधीच दोन पावलं मागे सरकतात. त्या रविवारी तिच्या शाळेचा कबड्डीचा अंतिम सामना भिवंडीत, कामतघरच्या बाजूच्या एका मैदानावर होता. आत्याकडे भातकापणी चालू होती, म्हणून तिने मला फोन केला.

"तू जा गो. काय करू नको, नुसती बस. आपला कोन तरी हाय म्हटल्यावर पोरीला बरा वाटतं."

नुसतं बसणं मला जमतं. माझ्या इंग्रजी शाळेत पीटीच्या तासाला मी तेच करायचे.

मी पोचले तेव्हा मुली कडेला बसून वडापाव खात होत्या. एक मुलगी मेल्यासारखी आडवी पडली, दुसरीने जाड आवाज काढून विचारलं, "ए पोरी, किती बोटं?" आडवी पडलेली डोळे मिटूनच ओरडली, "दोन!" सगळ्या खिदळल्या. मला काही कळलं नाही. बहिणीने समजावलं, "ताई, कोणाला लागलं ना, की पंच बोटं दाखवून विचारतात. नेहमी दोनच दाखवतात. आमचे सर सांगतात, दोन म्हणायचं आणि उठायचं."

मलाही तेव्हा हसू आलं.

मातीवर भाड्याची मॅट अंथरली होती. तिच्यावर कोणी चपला घालून येऊ नये म्हणून माइकवरून सारखं बजावत होते. पंच साधारण पन्नाशीचे, पांढऱ्या कपड्यांतले, केस नुकतेच काळे केलेले. दर थोड्या वेळाने त्यांची नजर फाटकाकडे जायची, कारण बक्षीस द्यायला पाहुणे येणार होते. मागच्या भिंतीवर जवळच्या पॉवरलूमचे कामगार पाय सोडून बसले होते आणि दोन्ही संघांना सारख्याच शिट्ट्या मारत होते.

दुसऱ्या डावात बहीण चढाईला गेली आणि तिघींनी तिला मिळून खाली ओढलं. पडताना तिचं डोकं एकीच्या गुडघ्यावर आपटलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. तरी तिने हात लांब करून मधली रेषा शिवली. पंचांनी शिट्टी वाजवली आणि तीन बोटं वर केली. तीन गुण. मैदान नुसतं पेटलं. गुण देऊन झाल्यावर मग त्यांनी खाली पाहिलं. ती उठली नव्हती.

खेळ थांबला. तिच्या शाळेचे क्रीडाशिक्षक स्प्रे घेऊन धावले आणि तो थंड स्प्रे त्यांनी तिच्या कपाळावर मारला, मुरगळलेल्या घोट्यावर मारतात तसा. कोणी तरी तोंडावर पाण्याची बाटली रिकामी केली. पंच वाकले. त्यांचा उजवा हात अजून शिट्टीवर होता.

"दोन," माझी बहीण म्हणाली.

त्यांनी हात वर केलाच नव्हता. मी पहिल्या रांगेत होते, मला स्वच्छ दिसलं. पंच हसले, मग रीत म्हणून दोन बोटं तिच्या नाकासमोर धरली आणि टेबलाकडे बघून ओरडले, "फिट आहे!"

मी उठून रेषेपाशी गेले. अनोळखी माणसाशी बोलायचं असलं की मी आधी मनात वाक्य जुळवते. तेवढाही वेळ नव्हता. "सर, तिला कन्कशन असू शकतं. तिला बाहेर घ्या."

"मॅडम, इंग्लिश नको," ते म्हणाले. "कबड्डी आहे ही, टेनिस न्हाय."

"डोक्याला मार लागलाय. एकदा डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टर कुठून आणू? मी पंच आहे, मी काय डॉक्टर आहे?"

"मग फिट कसं ठरवलंत?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू खुर्चीच बोलली. क्रीडाशिक्षक मधे पडले. "ताई, बसा तुम्ही. रडली का ती? नाही ना? वाघीण आहे आपली." तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला आणि पंचांनी घाईघाईने शिट्टी फुंकली.

समोरच्या संघाची एक चढाई झाली आणि बहीण पुन्हा चढाईला निघाली. "कबड्डी, कबड्डी" म्हणत ती वळली आणि आपल्याच संघातल्या मुलींवर चालून गेली. त्या बिचाऱ्या मागे सरकल्या. लोक हसले. पंचही हसले. भिंतीवरून एक कामगार खेकसला, "अरे ओ शिट्टीवाले! बच्ची को बिठाओ, दिखता नहीं क्या?"

मी मॅटवर गेले.

"चप्पल!" पंच किंचाळले. सबंध सामन्यात त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. "ओ मॅडम, चप्पल! मॅट खराब होईल!"

मी बहिणीचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं. तिने एकदाही विचारलं नाही, कुठे नेतेस म्हणून. रिक्षात ती माझ्या ओढणीत ओकली. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं, फडकं मागे दिलं आणि वेग वाढवला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर चार बोटं धरली.

"दोन," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून शहाण्यासारखी हसली. बरोबर उत्तर दिल्यावर हसतात तशी.

डॉक्टरीणबाईंनी हात खाली घेतला आणि लगेच स्कॅन करायला सांगितलं. आत रक्तस्राव नव्हता. आणखी एकदा त्याच जागी आपटली असती तर काय झालं असतं, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आत्याला मी ते अजून सांगितलेलं नाही.

दोन दिवसांनी क्रीडाशिक्षक खारबावला आले, शहाळं घेऊन. मी तिथेच होते. त्यांनी मोबाइलवर बक्षीस समारंभाचा फोटो दाखवला. मॅटच्या बरोबर मध्यभागी पाहुणे उभे, त्यांच्याभोवती पाच-सहा पुढारी, सगळ्यांच्या पायांत बूट. शेजारी पंच, हातात शाल आणि नारळ.

"पंचांनी आठवणीने विचारलंय हां," सर म्हणाले. "त्यांना वाईट वाटलं. पण त्यांची काय चूक? हिनेच सांगितलं ना, दोन."

आत्या चहा ठेवायला उठली होती, ती तिथेच थांबली. चहा तिने ठेवलाच नाही. सर थोडा वेळ बसले आणि गेले.

ते गेल्यावर बहीण म्हणाली, "ताई, सर म्हणत होते एकाच चढाईत मी तीन गुण घेतले. खरंच?"

"खरंच. खाली पडून रेषा शिवलीस तू."

तिने डोळे मिटून आठवून पाहिलं.

"मला कायच आठवत न्हाय," ती म्हणाली. "फक्त दोन म्हणायचं, एवढंच आठवतं."