पुढची जागा

विठ्ठल आजोबा माझ्या आईचे काका. कल्याण स्टेशनाबाहेर त्यांचा टांगा असायचा. दुसरीपर्यंत मी त्याच टांग्यातून शाळेत गेले, पुढे, त्यांच्या शेजारी बसून. घोडी पाणी प्यायल्याशिवाय ते चहा घेत नसत. माणसं चढताना नजरेनेच वजन जोखून जागा देत. "मागं भार झाला की दांड्या उचलतात, पट्टा पोटाला काचतो तिच्या," म्हणायचे.

रिक्षा वाढल्या, टांगा गेला. मानपाड्याला एका कंपनीच्या गेटवर त्यांनी बारा वर्षं काढली. मग मुरबाड रस्त्याला जुन्या काळचं गाव दाखवणारं संग्रहालय झालं आणि तबेला सांभाळायला त्यांना बोलावलं.

एम.ए.च्या वर्गाची सहल तिथेच ठरली, तेव्हा मी गप्प राहिले. आजोळी वाहतुकीचा व्यवसाय होता, एवढंच मी मैत्रिणींना सांगितलेलं.

तबेल्यात ते मैना नावाच्या घोडीला खरारा करत होते. डोक्यावर संग्रहालयाने दिलेला भडक गुलाबी फेटा. मला पाहताच चेहरा उजळला. "अगं..." एवढंच तोंडून निघालं. मी घाईने शेजारच्या बग्गीवरची पाटी वाचू लागले.

"या मॅडम, बसा," मैनेला टांग्याला जोडून ते मग सगळ्यांनाच म्हणाले.

श्रिया, करिश्मा आणि मी, तिघीही मागेच दाटीने बसलो.

"काका, झेपेल ना हिला? करिश्मा दिसते तेवढी हलकी नाही हं!"

"गप गं!"

"झेपंल की. फक्त एकजण पुढं या."

"तिघींचा फोटो होऊ दे ना, काका!"

ते थांबले. कुणाकडे बघत होते, ते त्यांच्याकडे माझी पाठ असूनही मला कळलं. मी हलले नाही. मग ते स्वतःच जागेवरून उठून पुढे सरकले आणि दांडीवर टेकले. पंचाहत्तरीचा माणूस फेरीभर तसाच अवघडून बसला. पुढची जागा रिकामी.

उतरल्यावर मैत्रिणी बग्गीकडे पळाल्या. आजोबांनी मैनेचा पट्टा सोडला. पोटावरचे केस चोळवटले होते. ते तिथे तळहात फिरवू लागले.

मी जवळ गेले. "आजोबा..."

त्यांनी बग्गीकडे पाहिलं. "हळू बोल पोरी, मैत्रिणी ऐकतील."

मी हळूच बोलले होते.