धुळाचं कुरण जळालं तेव्हा

जतकडचा धुळा मेंढपाळ. माणूस मनानं चांगला, पण तोंडाला कुलूप नाही. दरसाल दिवाळी झाली की तो कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचा, मानसिंग सुभेदाराच्या गावी. मेंढरं रानात बसायची. शेतकऱ्याला खत मिळायचं, धुळाला जोंधळा. पंचाहत्तर साली मात्र पाऊस असा झाला की धुळाच्या गावच्या कुरणातच गवत कमरेला लागलं. सुभेदारानं बोलावणं धाडलं, तर धुळानं उलटा निरोप दिला: आमच्या घरी गवत आहे, तुमच्या दारात कशाला यायचं? गर्वाचं घर खाली म्हणतात, ते काय उगाच?

फाल्गुनात वणवा लागला. कुणाची विडी की कसली ठिणगी, देव जाणे. सगळं गाव लिंबाच्या डहाळ्यांनी आग झोडपत होतं. माणसं नि मेंढरं वाचली, पण कुरण गेलं, कडब्याची गंजीही गेली. शेजारच्या गावांनी भाकऱ्या पोचवल्या. पण मेंढरांना काय घालायचं? मेंढ्यांचं दूध आटलं, कोकरं ओरडू लागली. नदीकाठी निरोप धाडा, असं त्याची बायको रंगुबाई रोज सांगायची. धुळाची जीभ उचलेना. शेवटी त्यानं खाटकाला सांगावा धाडला, आणि त्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरला नाही.

पण वणव्याची बातमी कृष्णाकाठी आपसूक पोचली होती. खाटकाच्या आधी सांगलीच्या गुळाच्या अडत्याचा, सुभेदारानं मागून घेतलेला ट्रक आला. वर उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं रचलेलं, पुढं सुभेदार बसलेला. नदीकाठी उसाची तोड चालू होती, सुभेदाराच्या गावानं घरटी एकेक भारा दिला होता. धुळा जागचा हलेना. रंगुबाईनं मात्र त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वाढं ओढून मेंढरांपुढं टाकलं. मेंढरं तुटून पडली. त्यांना कुठला आलाय मानअपमान!

गाडी रिकामीच परत जायची आहे, सुभेदार सांगू लागला, कोकरं आणि लेकुरवाळ्या मेंढ्या तीत घाला. बाकीच्या सावकाश चालत येऊ देत, वाटेतल्या गावांना चाऱ्याचं सांगून ठेवलंय. रान मोकळंच आहे, जोंधळा ठरल्याप्रमाणे मिळेल.

"दिवाळीला मी लय उलटं बोललो, सुभेदार," धुळा खाली बघत म्हणाला.

"व्हय की. म्हनून तर ह्या खेपंला बोलावणं धाडलं न्हाई, गड्या. तू येनार न्हाईस ठावं हुतं. मग गाडीच घिऊन आलो."

भर उन्हात, सगळ्यांदेखत धुळा लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसले, खाटकाला येऊ नको म्हणून सांगायला माणूस धाडला आणि पहिलं कोकरू उचलून गाडीत ठेवलं.