लाभार्थी काकू आणि बिनधुराची चूल

आमच्या डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांचा विकास करायचं वरच्या साहेबांनी मनावर घेतलं, की तो आधी माझ्या काकूच्या दारात येऊन थांबायचा. तिचं घर रस्त्याला लागून, आणि विकासाला चढण झेपत नाही. कोंबड्या तिला, फवारणीचा पंप तिला, फोटोतही तीच. वस्ती तिला लाभार्थी काकू म्हणायची. तिला तो मान वाटायचा.

मग बिनधुराची चूल आली. साहेबांनी रिबीन कापली; चुलीला रिबीन, म्हणजे बघा. काकू महिनाभर हवेत होती. चढणीवरच्या आमच्या घरी येऊन धाकट्या जावेला, म्हणजे माझ्या आईला, म्हणाली, "तुझं घर म्हणजे नुसतं काजळीचं कोठार." आई डोळे पुसत चूल फुंकत राहिली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

आमच्याकडे बियाण्याच्या मक्याची कणसं चुलीच्या वर टांगतात. धुरानं कीड लागत नाही. काकूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण कौतुक डोक्यात गेलं की माणूस वर बघायचं विसरतो. पेरणीच्या तोंडावर तिनं कणसं उतरवली, तर हातात भुसा आणि सोंडे किडे. दुकानातलं बी आमच्या उतारावर माना टाकतं. तिचं शेत यंदा पडीक राहणार, हे उघड होतं.

शेवटी ती आमच्याकडे आली. "बी आहे का गं थोडं?"

मी टोमण्याची वाट बघत बसलो होतो. आईनं माझी निराशा केली. वर हात घालून निम्मी कणसं काढली आणि म्हणाली, "पुढचं बी माझ्याच चुलीवर टांग."

सुगीनंतर दोन्ही घरांचं बी आमच्या आढ्याला लटकलं. एवढ्या कणसांना धूर पुरावा म्हणून चूल दिवसभर धुमसायची. धूर वाढला, आईचा खोकलाही वाढला. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण उपाय सुचत नव्हता.

आणि साहेबांना चढण जमली. उरलेल्या मागास घरांना चुली द्यायच्या होत्या. काकू धापा टाकत त्यांच्या आधी पोचली आणि आमच्या दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"इथं कुणी राहत नाही, साहेब. घर कधीचं रिकामं आहे."

तिच्या मागे कौलांतून धूर निघत होता आणि आत माझी आई खोकत होती.