मागे लटकणारी माणसं

मला एका जागी बसवत नाही. घरचे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. त्या हिवाळ्यात तर सरावलीच्या साइटवर मी दिवसभर नुसत्या येरझारा घालत होते, आणि त्याला कारण होती एक फोर्कलिफ्ट.

कामगारांच्या खोल्यांच्या दुमजली चाळीचं कंत्राट माझं. चाळीला खेटून नाला. भाड्याने आणलेली फोर्कलिफ्ट उंच चाकांची, खाचखळग्यांत चालणारी. चिखलाची तिला पर्वा नव्हती. पण ती माल उचलते सरळ वर. नाल्यापलीकडे हात लांब करणं तिला जमत नाही. आणि ती चालवायचा माझा धाकटा भाऊ.

पठ्ठ्याने तोड काढली होती. पुढच्या काट्यांवर लोखंडी खोळी चढवून ते लांब करायचे आणि टोकावर ब्लॉकचा गठ्ठा घ्यायचा. काठाशी गेल्यावर मागची चाकं हलकी झाली, की चार जण धावत येऊन गाडीच्या मागे लटकायचे. आम्ही मूळचे समुद्रकाठच्या मुरब्याचे. आजोबांच्या शिडाच्या होडीत हेच चालायचं. होडी एका अंगाला कलली की माणसं दुसऱ्या अंगाला. पण होडीतून पडलेला माणूस पोहून वर येतो. गाडीखाली आलेला कसा येणार? गठ्ठा वर निघाला की माझा जीव टांगणीला लागायचा.

मग मी टेलिहँडलर नावाच्या मशीनची चौकशी सुरू केली. त्याचा दांडा तिरका वर जातो, पुढे लांबतो, नाला ओलांडून स्लॅबवर माल ठेवतो. भाऊ एकच विचारायचा, "किती टन उचलतो?" मी सांगायचे, अरे, दांडा जितका लांब जाईल तितकं वजन कमी घ्यावं लागतं. ते त्याला पटायचं नाही. खरं दुखणं वेगळंच होतं. ते मशीन त्याला येत नव्हतं, आणि भाड्यात मशीनसोबतच चालकही येणार होता.

"मंग मी काय माश्या मारू?" तो म्हणाला.

"जिवंत राहा," मी म्हणाले. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला, घरी जेवेनासाही झाला. घरात एकच ताट कमी वाजायचं, तरी मला ते ऐकू यायचं. दोनदा फोन करून मी मशीन नको म्हटलं, दोन्ही वेळा परत हो म्हटलं.

शेवटी मशीन आलं. पहिले गठ्ठे अलगद स्लॅबवर टेकले आणि मला हुरूप आला. अधीरपणा माझ्या रक्तातच. मी वर स्लॅबवर उभी राहून हात करत होते, "और आगे, भैया! और आगे!" माल आतल्या खोलीपर्यंत पोचला तर तेवढी ओझी वाचतील, एवढंच डोक्यात. चालक मान हलवत होता, मी ऐकत नव्हते. गठ्ठा माझ्या डोक्यावर आला, मशीन किंचित पुढे झुकलं, भोंगा कोकलायला लागला.

खाली फोर्कलिफ्टजवळ रुसून उभा असलेला भाऊ धावला. एकटाच. उडी मारून मशीनच्या मागे लटकला, पाय हवेत.

चालकाने दांडा आत ओढून घेतला. मशीन आपोआप जमिनीवर बसलं. एवढ्या धुडाला त्याच्या वजनाने काय फरक पडणार होता! मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. राग मात्र अनावर झाला होता.

"अक्कल गहाण टाकलीस का? ज्याच्यासाठी हे आणलं तेच परत करतोस? ते कलंडलं असतं तर मेला असतास!"

तो हाताला लागलेलं ग्रीस पॅन्टला पुसत होता. इतक्या दिवसांनी माझ्याकडे बघून बोलला.

"गठ्ठ्याखाली तू व्हतीस, ताय."