नयन म्हात्रेची उडी

नयन म्हात्रेबद्दल मला काहीही चांगलं सांगायचं नाही. पण डोंबिवलीजवळच्या आमच्या भोपरच्या बेंजो पार्टीची गोष्ट सांगताना त्याला टाळताही येत नाही. मी या पार्टीचा बेंजोवाला. आमच्याकडच्या हळदीत नवरदेवानंतर मान बेंजोचा. सूर मी धरायचा, बाकीच्यांनी मागून यायचं. नयन गिटार घेऊन मागच्या रांगेत उभा राहायचा, आणि आमचं छान चाललं होतं.

दिवसा नयन टिटवाळ्याच्या एका भंगारवाल्याचा टेम्पो चालवतो. पाडायला काढलेल्या एका बंगल्याच्या सामानात त्याला जुन्या काळ्या तबकड्या मिळाल्या. लेबलं अर्धी फाटलेली. भाषा कुठली तेही कळेना. फोनला दाखवलं तेव्हा त्याने इटालियन म्हणून सांगितलं. दुसरा कुणी त्या विकून मोकळा झाला असता. याने उल्हासनगरहून जुना प्लेअर पैदा केला आणि ऐकत बसला. जिप्सी जॅझ म्हणे. ढोल नाही, ताशा नाही. दोन गिटारी नुसत्या चक्-चक् करत ठेका धरतात आणि तिसरी त्यांच्यावरून पळत सुटते.

मीही ऐकलं. बोटं कुठून कुठे जातात याचा पत्ता लागेना. घरी येऊन बेंजोवर पहिली ओळ काढून बघितली, ती काही निघाली नाही. त्यात जेवताना भावनाने, म्हणजे माझ्या बायकोने, नयनचं कौतुक सुरू केलं. मी भाकरी टाकून उठलो.

नयनला विलायती नोटेशन येत नाही. त्याने सरळ सरगम लिहायला घेतली. तबकडी फोनवर रेकॉर्ड करायची, निम्म्या वेगाने लावायची, एकेक सूर गिटारवर शोधायचा आणि लिहायचा. तबकडीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळत होता, तर हा म्हणाला, "आपला सा आपन धरू तो." एका तबकडीवर तीन-तीनचा ठेका निघाला, आपल्या हळदीच्या नाचाला फिट्ट बसणारा. ती चाल त्याने पार्टीला शिकवली. तिच्यात मधे एके ठिकाणी ओळ पुरी न होताच पुढची सुरू होते. नाचणाऱ्याचा पाय वर, आणि सम निघून गेलेली. मग सगळा मांडव उडी मारून तिला गाठतो.

पहिल्याच हळदीत लोक वेडे झाले. पार्टीचे मालक शिवरामकाका. त्यांना फोन येऊ लागले, "नयन दादूस हाय ना? आमाला उडी पायजे." माझं नाव कुणी काढेना. काकांनी त्याला पुढच्या रांगेत माझ्या शेजारी आणून उभं केलं, आणि पुढच्या मोसमापासून सूरही त्यानेच धरावा, असं बोलू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या रागातच मी ती तबकडी नेटवर शोधायला बसलो. काही दिवस नुसता चडफडत शोधत होतो. शेवटी मिलानच्या कुणा संग्राहकाने टाकलेली सापडली, तेच लेबल, अखंड. ऐकली आणि जागेवरच नाचलो. उडी नव्हतीच! ओळ नीट पुरी होत होती. नयनच्या तबकडीला चरा होता, तिथून सुई पुढे सरकत होती, आणि या शहाण्याने तो चराही सरगमीत लिहून काढला होता.

माजिवड्याच्या हळदीआधीच्या सरावात मी ते सगळ्यांसमोर लावलं. "ऐक रे, ही तुझी उडी."

नयनने दोनदा ऐकलं. त्याचं तोंड उतरलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"चुकलं माझं," तो म्हणाला. "त्या मानसानं असं वाजवलंच नाय. आता बरोबर तेच वाजवायचं."

"अरे, पन लोकांना आवडतंय ना?" काका म्हणाले.

नयन ऐकेना. वर मलाच म्हणतो, "देवेश, बरा शोधलास. सूर तूच धर."

माजिवड्याला सूर मी धरला. ओळ नीट पुरी केली. मांडव नाचायचा थांबला. हळदीने माखलेली माणसं आमच्याकडे बघत उभी राहिली. नवरदेवाची आत्या रखमाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"काय रं, उडी कुठं गेली? बेंजोवाल्या, तुला येत नाय का?"

मला येत नाही! नयन माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको म्हणून. पण हे मी ऐकून घेणार होतो? पुढच्या फेरीला मी ओळ अर्ध्यात तोडली. पाय वरच्या वर राहिले, सम निघून गेली आणि अख्खा मांडव एकदम उडाला.

"नयन दादूस!" एकच ओरडा झाला. कुणीतरी त्याच्या हातातली गिटार काढून घेतली आणि त्याला खांद्यावर उचललं. तो वरून ओरडत होता, "अरे मी नाय, देवेशनं वाजवली!" कुणाला ऐकू जात नव्हतं, कारण बेंजो जोरात चालला होता. मी हात काढून घेतला असता तर नाच थांबला असता आणि त्याला खाली उतरवलं असतं. पण मग मला येत नाही, असंच ठरलं असतं. नुसता जळत होतो, आणि वाजवत राहिलो.