पौषातली चौदा चित्रे

साठचे दशक नुकतेच लागले होते, तेव्हा एका पौष महिन्यात माझ्या वडिलांनी तारकर्लीला आमच्या अंगणात सूर्यावरच्या डागांची चौदा चित्रे काढली. ती त्यांनी माझ्या थोरल्या भावासाठी काढली. तो मुंबईच्या एका संशोधन संस्थेत सूर्याचा अभ्यास करत होता. त्याची नोकरी तात्पुरती होती. ती कायम होण्यासाठी त्याच्या नावावर एक छापील शोधलेख हवा होता.

लेखात त्याचा जोडीदार युरोपातला एक शास्त्रज्ञ होता. दोघांची ओळख पत्रांतूनच झालेली. तिकडे हिवाळ्यात सूर्य ढगांत असे. आमच्याकडे पौषात आकाश स्वच्छ. सूर्याच्या एका कडेला उगवलेला डाग दुसऱ्या कडेला मावळेपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस रोज एक चित्र मिळाले, तर त्याची गती मोजता येणार होती.

भावाने लहान दुर्बीण आणली. सूर्याकडे थेट पाहायचे नव्हते. दुर्बिणीतून येणारा उजेड पांढऱ्या कागदावर पाडायचा आणि त्यावर दिसणारे डाग पेन्सिलीने गिरवायचे. वडील मालाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते. गुडघा गेल्याने ते घरी बसले होते, पण हात स्थिर होता. आई फळी धरायची आणि ते गिरवायचे. शुद्ध प्रतिपदेला पहिले चित्र भावासमोर काढले. दुसऱ्या दिवशी तो मालवण बंदरातून बोटीने मुंबईला गेला. पौर्णिमेनंतर वडिलांनी सगळी चित्रे टपालाने पाठवली.

प्रत्येक चित्राखाली तिथी लिहिलेली होती. भरती-ओहोटी तिथीवर चालते, म्हणून वडिलांचा सगळा हिशेब तिथीवर चाले. इंग्रजी तारीख त्यांनी कधी वापरली नाही.

भावाने तिथ्यांच्या तारखा केल्या. प्रतिपदा ते पौर्णिमा पंधरा दिवस, चित्रे चौदा. पंचमीचे नव्हते. त्या दिवशी ढग असतील, असे धरून त्याने एक तारीख मोकळी सोडली. आता आकडे असे सांगू लागले, की चतुर्थी ते षष्ठी या दोन दिवसांत डाग एकाच दिवसाइतका सरकला. म्हणजे त्याची गती मंदावली. हाच लेखाचा मुख्य निष्कर्ष झाला.

मसुदा युरोपात गेला. उत्तर आले, की पंधरवड्याच्या शेवटी तिकडे तीन दिवस ऊन पडले होते आणि त्या तिन्ही दिवशी आमच्या चित्रांतला डाग एक दिवस मागे होता. चित्रे रोजच्या रोज काढली होती का, असे त्याने विचारले होते. नसल्यास लेख मागे घ्यावा लागेल, असेही लिहिले होते.

शिमग्याला भाऊ घरी आला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुट्टीत घरीच होतो. त्याने ओटीवर चित्रे मांडली.

"बाबा, खरा सांगा. एक दिवस ऱ्हवलो, म्हणून फुडची चित्रा अंदाजान काढलास काय?"

वडील म्हणाले, "अंदाजान सांगूक मी काय जोशी आसंय?"

आतून आई म्हणाली, "झिलान बापाशीक खोटो पाडल्यान. आता माका पण विचार, फळी खरी धरलंय काय."

"मगे पंचमीचा चित्र खंय आसा?" भावाने विचारले.

"पंचमी इलीच नाय, तर चित्र खंयचा काढतलंय?"

वडिलांनी खुंटीवरचे पंचांग काढून त्याच्यापुढे टाकले. त्या पंधरवड्यात पंचमीचा क्षय होता. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी षष्ठीच होती. पंधरवडाच चौदा दिवसांचा होता.

"येवढो शिकलंस, ह्या उघडून बगूक काय झाला रे तुका?"

भावाने तिथेच षष्ठीपासून सगळ्या तारखा एकेक दिवस मागे घेतल्या. चूक आपली आहे, चित्रे रोजची आहेत, असे पत्र त्याने मालवणहून टाकले. महिन्याने उत्तर आले. तिन्ही दिवस जुळत होते. डागाची गती कुठेही मंदावली नव्हती, त्यामुळे मुख्य निष्कर्ष गेला. उरला तो ओळीने चौदा दिवसांच्या मोजमापांचा तक्ता. तो दुसऱ्या कोणाकडे नव्हता. लेख तीन पानांचा करायचे ठरले.

मे महिन्यात भाऊ पुन्हा आला, तेव्हा त्याने वडिलांना नवा मसुदा दाखवला. आधी वडिलांचा उल्लेख शेवटच्या आभारांत होता. आता लेखकांच्या नावांत भावानंतर वडिलांचे नाव होते. तिसरे त्या शास्त्रज्ञाचे.

"माजा नाव कित्याक?"

"चित्रा तुमची आसत."

"मगे आवशीचा पण घाल. फळी तिना धरल्यान."

"माका नको," आई म्हणाली. "उन्हात रापलंय, तेवढा पुरे."

वडिलांचे नाव राहिले. संस्थेच्या कचेरीतून विचारणा झाली, की हे दुसरे लेखक कोणत्या संस्थेचे. भावाने गावाचे नाव कळवले. लेख छापून आला, त्यात वडिलांच्या नावाखाली तारकर्ली एवढेच होते. पुढल्या वर्षी भावाची नोकरी कायम झाली.

त्या लेखाचा आधार पुढे दोन लेखांत घेतला गेला. एकाबद्दल भावाने पत्रातून कळवले. दुसरा मी मुंबईच्या एका ग्रंथालयात स्वतः पाहिला. त्यातल्या संदर्भांच्या यादीत आमचे आडनाव लागोपाठ दोनदा छापलेले आहे.