मुरलीधरने शब्द फिरवला

आमचा शेजारी मुरलीधर म्हणजे अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतला सगळ्यात हट्टी माणूस. व्हिसा आला म्हणून डिप्लोमाचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून इथे आला. तेव्हापासून बांधकामाच्या साइटवर ड्रॉइंग हा वाचतो आणि सही मात्र काल-परवा आलेला इंजिनिअर करतो. चूक निघाली की बोलणी याला! त्यामुळे याच्या घरात डिग्रीपुढे दुसरं काही नाही.

आणि याचीच लेक अस्मी कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन! दुसऱ्या वर्षालाच दुबईच्या एका क्लबने तिला विचारलं, कॉलेज सोडून व्यावसायिक खेळाडू होतेस का? उत्तर फायनलनंतर द्यायचं होतं. महिनाभर मुरलीधर घर डोक्यावर घेऊन बसला. "आधी डिग्री, मग तिच्यावर अटेस्टेशनचा सरकारी शिक्का, मग काय ते!" अस्मी चेंडू घेऊन सरावाला निघून जायची. मला मात्र भयंकर राग यायचा. अशी संधी रोज येते का?

फायनलला मी त्याला ओढतच नेलं. त्याने मुलीचा एकही सामना पाहिला नव्हता!

शेवटचं मिनिट, आणि आपण चार गुणांनी मागे. अस्मीने समोरच्या मुलीच्या हातून चेंडू काढला. बास्केट! पुन्हा हिसकावला, पुन्हा बास्केट! बरोबरी! मुरलीधर बाकावर चढला. "यल्ला, अस्मी, यल्ला!" शेवटच्या सेकंदाला तिने डाव्या हाताने चेंडू फेकला. तो रिंगवर गरगरला, गरगरला आणि आत! माझा तर घसाच बसला.

क्लबचे मॅनेजर कमरुद्दीनभाई करार घेऊन खाली आले. मुरलीधर त्यांच्याआधी पोहोचला. "सही कर, अस्मी! कॉलेज खलास! भाई, पेन दो!" आणि पेन त्यांच्या हातून घेतलंसुद्धा.

अस्मी घाम पुसत म्हणाली, "नो, बाबा. आय वॉन्ट टू फिनिश कॉलेज."

"अगं, मी बोललो ते सोड!"

"तुमच्यासाठी नाही. मला माझा कोर्स आवडतो. अँड इन टू इयर्स आय विल बी बेटर."

"बेटा, दो साल बाद ऑफर की गॅरंटी नहीं," कमरुद्दीनभाई म्हणाले.

मुरलीधरचा चेहरा पडला. ज्यासाठी महिनाभर भांडला तेच मिळालं होतं, आणि माणूस रडकुंडीला आला. "नाही बोलावलं तर गं?"

अस्मी कमरुद्दीनभाईंकडे वळली. "तो दुसरी टीम से खेलूंगी, अंकल. अँड आय विल बीट यू."

मुरलीधरने पेन परत दिलं. आधी टोपण लावलं, मग दिलं.